मौ त्सोंगसान यांची सद्बुद्धी 'खाली उतरते' म्हणजे नक्की काय? मला तरी पटत नाही

धागाकर्ता: गेले काही महिने चिनी तत्त्वज्ञ मौ त्सोंगसान (1909–1995) वाचतोय. जर्मन तत्त्वज्ञ कान्ट म्हणतो की वस्तू मुळात कशी आहे हे माणसाला थेट कळूच शकत नाही, तसं ज्ञान असलंच तर देवाला. मौ म्हणतात माणसालाही ते शक्य आहे, कारण आपल्यात लिआंगझ म्हणजे उपजत सद्बुद्धी आहे. इथवर ठीक. पण पुढे ते म्हणतात की हीच सद्बुद्धी स्वतःला आवरते, मुद्दाम एक पायरी खाली उतरते, मग जाणणारा वेगळा आणि वस्तू वेगळी अशी फूट पडते आणि त्यातून विज्ञान नि लोकशाहीला वाट मिळते. हे मला ओढूनताणून वाटतं, उत्तर आधी ठरवलं आणि रस्ता मागून काढला.

प्रतिसाद 1: अजिबात सहमत नाही. माझ्या मुलाची हनुवटी फुटली तेव्हा टाके घालताना डॉक्टरांनी मला त्याचं डोकं धरायला सांगितलं, तो रडत होता आणि मी फक्त जखमेकडे बघत होते, तेवढा वेळ तो माझा मुलगा नव्हताच, एक न हलणारी हनुवटी हवी होती बस. हे माया आटल्यामुळे झालं का? उलट मायेनेच मला तसं करायला लावलं. मौ हेच सांगतायत.

धागाकर्ता: उदाहरण आवडलं, विज्ञानापुरतं मानतो. पण लोकशाही? ती तर राज्यकर्त्याच्या सद्बुद्धीवर भरवसा नाही म्हणून लागते.

प्रतिसाद 2: अहो, मौंची तक्रार तीच आहे! जुन्या चीनमध्ये कारभार चालवायची पद्धत होती पण सत्ता कोणाकडे आणि कशी जावी याची व्यवस्था नव्हती, सगळं राजा भला निघण्यावर अवलंबून. चिनी संस्कृतीबद्दल चार विचारवंतांनी 1958 मध्ये काढलेल्या जाहीरनाम्यातही (मौ, थांग चुन्यी, शू फुक्वान, चांग चुन्माय) ही उणीव उघड मान्य केलीय.

प्रतिसाद 3: मला वेगळीच अडचण आहे. 'एक मन, दोन दारं' (एकाच मनाचं एक दार सत्याकडे, दुसरं रोजच्या बदलत्या जगाकडे) ही कल्पना मौंनी श्रद्धोत्पादशास्त्र या महायान ग्रंथातून घेतली. बौद्धांकडे आसक्ती सोडायची असते, मौंच्या 'खाली उतरण्यात' मात्र वस्तूंना धरून बसणारी तीच आसक्ती मुद्दाम धरायची.

प्रतिसाद 1: बोधिसत्त्व पण लोकांसाठी जाणूनबुजून संसारात राहतोच की.

धागाकर्ता: मौंचे गुरू श्योंग शली एकदा फंग यौलान या दुसऱ्या चिनी तत्त्वज्ञांवर उखडले होते, मौ तिथेच होते. फंग म्हणाले सद्बुद्धी हे एक गृहीतक आहे, श्योंग म्हणाले गृहीतक कसलं, ती प्रत्यक्ष समोर प्रकटते. मौंना तो प्रसंग जन्मभर पुरला. माझा घोळ इथेच आहे, तुमच्या मुलाच्या हनुवटीपाशी मला श्योंग पटतात आणि राज्यघटनेपाशी आलो की फंग.