मदत हवी आहे: जर्मनच्या नव्या शिक्षकांना केसमधून (म्हणजे वर्गातल्या एखाद्या अडचणीवरून) शिकवताना मी कधी बोलायचं आणि कधी गप्प बसायचं?

नमस्कार मंडळी,

मी पुण्यात बारा वर्षं जर्मन शिकवते. सध्या सात नव्या शिक्षकांना तयार करायचं काम माझ्याकडे आलंय. त्यांच्या वर्गात सगळ्या मोठ्या बायका आहेत, जर्मनीला जायचं ठरवलेल्या सिस्टर्स. तिथे नर्स म्हणून मान्यता मिळवायला जर्मनची साधारण बी२, म्हणजे मध्यमच्या वरची, पातळी लागते, त्यामुळे प्रत्येकीच्या मागे परीक्षेची घाई.

आजवर आमचं प्रशिक्षण म्हणजे व्याख्यान, नमुना पाठ आणि निरीक्षण. त्यातलं वर्गात फारसं उतरत नाही, हे मी वर्षानुवर्षं पाहिलंय. म्हणून या वेळी समस्येवर आधारित शिक्षण करून पाहिलं. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात 1969 पासून डॉक्टर असे शिकले: आधी रुग्णाची अडचण समोर ठेवायची, सिद्धांत मागून. नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्ट विद्यापीठवाल्यांनी त्याच्या सात पायऱ्या केल्या. अनोळखी शब्द, मग नेमका प्रश्न, तर्क, तर्कांची मांडणी, काय शिकायचं ते ठरवणं, घरी अभ्यास, परत येऊन चर्चा.

मी दिलेली केस अशी. एक सिस्टर विभक्तीचा तक्ता अचूक भरते, पण एकाच रुग्णाबद्दल बोलताना दर वेळी म्हणते, 'इश हेल्फे डेन पाट्सिएंटेन' (मी रुग्णाला मदत करते). एका रुग्णासाठी हवं 'डेम', कारण 'हेल्फेन'ला (मदत करणे) चतुर्थी लागते आणि एकवचनात 'डेन' द्वितीयेचं. तीनदा दुरुस्त केलं, तरी तेच. का?

सहा जण म्हणाले, तक्ता पुन्हा घ्या. तोवर गप्प असलेली सातवी हळूच म्हणाली, "ताई, आपण 'रुग्णाला बघते' म्हणतो आणि 'रुग्णाला मदत करते' पण म्हणतो. दोन्हीकडे 'ला'च. तिच्या कानाला फरक कुठून कळणार?"

मला इतका आनंद झाला की मी खडू घेतला आणि पंधरा मिनिटं समजावत बसले. मराठीत द्वितीया-चतुर्थीचे प्रत्यय सारखे कसे, जर्मनमध्ये कुठली क्रियापदं चतुर्थी घेतात, सगळं. सगळ्यांनी माना खाली घालून उतरवून घेतलं. त्यानंतर एकही प्रश्न आला नाही. तर्क करायची वेळ मीच संपवली होती, हे घरी येताना रिक्षात लक्षात आलं आणि अजून खुपतंय.

आता विचारायचंय ते हे. गट चुकीच्या दिशेने चाललाय असं दिसलं तर तुम्ही किती वेळ थांबता? आणि गट बरोबर उत्तरापाशी पोचला, तर पुढे काय विचारता? मला हेच जास्त अवघड जातं. शिवाय माझी केसच बहुधा एकाच उत्तराची होती. खऱ्या वर्गात थकवा, भीती, घाई सगळं एकत्र येतं. घरच्या अभ्यासाचाही पेच आहेच, सातातले पाच जण दुसरीकडे नोकरी करतात. मूल्यमापनाचं नंतर बघू.

वैद्यकीय किंवा नर्सिंग महाविद्यालयात असे गट चालवलेले कुणी इथे असाल तर कृपया सविस्तर लिहा, भाषेचे शिक्षक नसलात तरी चालेल.

शनिवारची केस ही आहे: 'नाइट ड्यूटी करून थेट वर्गात आलेली बेचाळीस वर्षांची सिस्टर श्रवणाच्या सरावात पहिल्या दोन प्रश्नांनंतर पेन खाली ठेवते. वाचनात ती वर्गात पहिली आहे.' एवढंच देऊ, की आणखी काही घालू? का उलट यातलंही काही काढू?