एक्स्प्रेशनिझमच्या चर्चेत पाउला मोडरझोन-बेकर हवीच

एक्स्प्रेशनिझम, म्हणजे दिसतं त्यापेक्षा मनात वाटतं ते ठळकपणे रंगवणारी चित्रशैली. तिच्यावरच्या चर्चेत मुंक आणि किर्शनर या चित्रकारांबद्दल छान लिहिलं गेलं आहे, पण जर्मन चित्रकार पाउला मोडरझोन-बेकरचं नाव कुणीच घेतलं नाही. किर्शनर आणि मित्रांचा गट ड्रेस्डेनला १९०५ साली जमला, त्याच सुमारास ही उत्तर जर्मनीतल्या वोर्प्सवेड गावात एकटीच या शैलीच्या वाटेने निघाली होती. तिथले बाकीचे बहुतेक चित्रकार, नवरा ओटोसुद्धा, निसर्गदृश्यांत रमलेले. ही मात्र शेतकऱ्यांची मुलं, थकलेल्या म्हाताऱ्या रंगवायची. ठसठशीत आकार, मातकट रंग, गोडवा अजिबात नाही. पॅरिसला जाऊन सेझान, गोगँ या फ्रेंच चित्रकारांची चित्रं पाहिल्यावर हे धाडस वाढतच गेलं.

१९०६ मध्ये तिने स्वतःला कमरेपर्यंत उघडं, गरोदर असल्यासारखं रंगवलं. प्रत्यक्षात ती तेव्हा गरोदर नव्हती! बाईने स्वतःच्या शरीराकडे इतक्या शांतपणे, स्वतःच्याच नजरेने बघणं... माझ्या मते त्या काळातलं हे सर्वांत धीट चित्र आहे.

पुढच्या वर्षी मुलगी झाली आणि तीन आठवड्यांच्या आतच पाउला गेली. वय ३१. मागे ७०० हून जास्त चित्रं. हयातीत विकली गेली ती अगदी मोजकी. जर्मनीत ब्रेमेनला १९२७ मध्ये तिच्या चित्रांचं संग्रहालय उघडलं. तिथे जाणं जमलं तर नक्की जा.