२५० ग्रॅमची सूट नेमकी कशातून?

'नॅनो ड्रोनला (म्हणजे २५० ग्रॅमपर्यंतच्या) काहीच लागत नाही, शाळेच्या गॅदरिंगला बिनधास्त उडवा' असं कुणीतरी लिहिलंय, ते अर्धंच खरं. २०२१च्या ड्रोन नियमांत अशा ड्रोनला सूट आहे ती पायलटच्या प्रमाणपत्रासारख्या काही गोष्टींतून, सगळ्यांतून नाही. रेड झोनमध्ये (ड्रोनला मनाई असलेल्या भागात) केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय तोही चालत नाही. शाळांसाठी वेगळा रेड झोन त्या नियमांत नाही, हे मान्य. पण शाळा विमानतळाजवळ किंवा लष्करी हद्दीला लागून असली तर? आधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन पोर्टलवरचा नकाशा बघा. शिवाय राज्य सरकार ९६ तासांपर्यंत तात्पुरता रेड झोन जाहीर करू शकतं. मुंबईत तर पोलिसांचे मनाई आदेश अधूनमधून निघतातच (आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६३, पूर्वीचं फौजदारी प्रक्रिया संहितेचं १४४). तेव्हा नकाशावरचा हिरवा रंग (परवानगी न लागणारा भाग) दाखवून हवालदार ऐकेल, ही आशा सोडा.