सुनेने कुठलं पुस्तक नेलंय ते सासऱ्यांना सांगायचं का?

खिडकीपलीकडची
लालबाग-परळ भागातल्या एका सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे, बावीस वर्षं झाली. परवाचा प्रकार घरी सांगितला तर नवरा म्हणाला एवढं काय त्यात, म्हणून इथे विचारतेय.

आमच्याकडे कुटुंबाचं एकच खातं असतं. नाव एकाचं, अनामत त्याची, दोन पुस्तकं आणि एक मासिक. एक काका आहेत, खूप जुने सभासद, वर्गणी कधी थकवलेली नाही. पण गेली दोनेक वर्षं पुस्तकं बदलायला त्यांची सूनच येते, ऑफिसातून सुटली की धावतपळत, आम्ही शटर ओढायच्या आत. काकांना एक रहस्यकथा, स्वतःला एक काहीतरी. मार्चमध्ये तिने घटस्फोट आणि पोटगीच्या कायद्यावरचं पुस्तक नेलं. खिडकीवर ठेवताना ते काकांच्या पुस्तकाखाली सरकवलं होतं. मी काही बोलले नाही, तारखेचा शिक्का मारला आणि दिलं.

ते परत आलंच नाही. मुदत पंधरा दिवसांची, सव्वा महिना उलटला आणि काका स्वतः आले. "माझ्या खात्यावर दंड दाखवताय, मी कधी उशीर करत नाही, कुठलं पुस्तक आहे ते?"

स्क्रीनवर नाव समोर दिसत होतं. मी म्हटलं, काका, सर्व्हर डाऊन आहे, उद्या बघते. आता आमच्याकडे सर्व्हर कुठला, एक जुना पीसी आहे. काका बरं म्हणाले, पंख्याखाली बसून दहा मिनिटं पेपर वाचला, आणि तेवढ्या वेळात मी त्याच पीसीवर दुसऱ्या दोघा वाचकांची पुस्तकं बदलून दिली. त्यांनी बघितलं असणार.

खोटं बोलले याचं वाईट वाटतंय. खरं बोलले असते तर जास्त वाटलं असतं. पण दंड त्यांचा, अनामत त्यांची, हेही खरंच ना? तुम्ही काय केलं असतंत?

परळचा पोपट
स्पष्ट सांगतो ताई, चुकलंत. खातं काकांचं आहे. उद्या बँकेने माझ्या खात्यातून पैसे कापले आणि कशाचे ते सांगत नाही म्हटलं तर मी मॅनेजरच्या टेबलावर जाऊन बसेन. सुनेला गुप्तता हवी होती तर वेगळं खातं काढायचं होतं, वर्गणी काय हजारोंनी असते का? आणि तुम्ही ग्रंथपाल आहात, त्यांच्या घरातल्या वकील नाही.

शिक्का_आणि_तारीख
पोपटराव, बँकेचं उदाहरण इथे बसत नाही. पासबुकात रक्कम असते, माणसाच्या डोक्यात काय चाललंय ते नसतं. मी कॉलेजच्या लायब्ररीतून रिटायर झालो, आम्ही ब्राऊन पद्धतीत काम केलेली माणसं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, वाचकाचं तिकीट म्हणजे छोटं कागदी पाकीट, पुस्तकातलं कार्ड काढून त्यात सरकवायचं आणि तारखेप्रमाणे ट्रेमध्ये उभं लावायचं. पुस्तक परत आलं की कार्ड पुस्तकात, तिकीट वाचकाच्या हातात. संपलं. कोणी काय वाचलं याचा मागमूस राहत नसे, कोणी ठरवून केलं होतं असं नाही पण रचनाच तशी. कॉम्प्युटर आला आणि आता दहा वर्षांचं वाचन एका क्लिकवर. आमच्या धंद्याचा हा जुना नियम आहे, अमेरिकन ग्रंथालय संघटनेच्या 1939 च्या आचारसंहितेत लिहिलंय की वाचकाशी संबंध येताना कळलेली खाजगी माहिती गुप्त ठेवायची. आपल्याकडे ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांची पाच सूत्रं 1931 पासून सगळे पाठ म्हणतात, 'प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक' वगैरे, पण ते घरी न्यायची भीती वाटली तर त्या सूत्राचा काय उपयोग.

परळचा पोपट
पण सर, इथे पुस्तक परत आलंच नाहीये! म्हणजे तुमच्या ब्राऊन पद्धतीतसुद्धा कार्ड ट्रेमध्ये उभंच असतं की.

शिक्का_आणि_तारीख
हा मुद्दा बरोबर आहे. मान्य.

कार्यकारिणी_मेंबर
आमच्या उपनगरातल्या वाचनालयाच्या कमिटीवर आहे. तात्त्विक बोलणं सोपं असतं हो, पुस्तक गेलं की ऑडिटला उत्तर आम्ही देतो. केंद्र सरकारच्या वित्तीय नियमांत निदान एवढं तरी म्हटलंय की देवघेव झालेल्या हजार पुस्तकांमागे वर्षाला पाच हरवली तर ते वाजवी नुकसान धरावं. आमच्यासारख्या 'ब' वर्गाच्या वाचनालयात पाच पुस्तकं हरवली तर सभेत लोक अर्धा तास बोलतात. तेव्हा पुस्तकाचं नाव न सांगता दंड कसा मागायचा हे आधी सांगा. आणि एक राहवत नाही म्हणून. ताई, तिचं घर मोडतंय हे तुम्ही पुस्तकावरून ठरवलंत. मैत्रिणीसाठी नेलं असेल, परीक्षा देत असेल. कव्हर बघून वाचकाची जन्मपत्रिका मांडायची हेच आधी चूक.

खिडकीपलीकडची
पत्रिका मांडली, हो. ते पुस्तक खाली सरकवलेलं बघितलं नसतं तर कदाचित मांडली नसती.

चाळीतली चिमणी
मी वाचक आहे, ग्रंथपाल नाही. अकरावीत होते तेव्हा पाळीच्या त्रासावरचं एक पुस्तक घेतलं, खिडकीवरच्या काकांनी मोठ्याने नाव वाचलं, "आईला माहितीये का?" मागे रांगेत आमच्याच मजल्यावरचे दोघं. पुस्तक तिथेच ठेवलं आणि त्यानंतर बारावी होईपर्यंत त्या वाचनालयाची पायरी चढले नाही, वर्गणी आई भरत राहिली. चाळीत भिंतीलाही कान असतात, निदान वाचनालयाला नसावेत एवढीच अपेक्षा. ताईंनी केलं ते बरोबर केलं आणि सर्व्हर डाऊन म्हणजे काही मोठं पाप नाही, मुंबईत रोज कुठलातरी डाऊन असतोच.

पाऊण_कप
म्हणजे ग्रंथपालाने कायम डोळे मिटून शिक्का मारायचा? रॉबर्ट हॉप्टमन नावाच्या अमेरिकन माणसाने सत्तरच्या दशकात एक प्रयोग केला होता, 13 ग्रंथालयांत गेला आणि बॉम्ब कसा बनवायचा याची माहिती मागितली, घर उडवता येईल इतपत. नैतिक कारण देऊन एकानेही नकार दिला नाही. 1976 मध्ये त्याने ते छापलं. वाचकाला हवं ते देणं आमचं काम, बाकी आम्हाला काय, ही वृत्ती मला जास्त घाबरवते. तेरा वर्षांच्या पोराने उद्या विषाबद्दलचं पुस्तक मागितलं तर मी त्याच्या आईला फोन करणार, आचारसंहिता गेली खड्ड्यात.

शिक्का_आणि_तारीख
मीही करेन. पण तेरा वर्षांचं पोर आणि नोकरी करणारी तिशीतली बाई यांत फरक आहे की नाही? आपल्याकडे सून म्हटली की वय मोजायचंच बंद होतं.

वांद्रे_स्लो
वांद्र्याच्या कौटुंबिक न्यायालयात वकिली करते, म्हणून दोन ओळी. 2017 मध्ये सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला, पण तो मुख्यतः सरकारविरुद्धचा हक्क, ट्रस्टच्या वाचनालयाला तो थेट लावणं तितकं सोपं नाही. 2023 चा डेटा संरक्षणाचा कायदा टप्प्याटप्प्याने येतोय, तो डिजिटल नोंदींचा आहे. म्हणजे गंमत बघा, वहीत लिहिलं तर कायद्याबाहेर, तेच कॉम्प्युटरवर टाकलं की कायद्यात. तेव्हा कायद्याची फार वाट बघू नका.

मला दुसरंच खटकतंय. ताई, तिने चकल्यांच्या पाककृती नेल्या असत्या तर काकांना लगेच सांगितलं असतंत ना? इतर सगळ्या वेळी नाव सांगायचं आणि एकदाच सर्व्हर डाऊन, म्हणजे काकांना न सांगताच सांगितल्यासारखं. माझ्याकडे अशा बायका येतात, पिशवीत वर भाजी आणि खाली कागद. त्यांच्या घरच्यांना संशय कागदामुळे येत नाही, पिशवी कोणाला बघू देत नाही त्यामुळे येतो. नाव सांगायचं नसेल तर कोणाचंच, कधीच सांगू नका. रहस्यकथेचंही नाही.

परळचा पोपट
हे मात्र पटलं. नियम सगळ्यांना एक असेल तर माझी तक्रार नाही, फक्त वर्गणी भरायच्या आधी बोर्डावर लिहा.

कार्यकारिणी_मेंबर
बोर्डावर लिहा म्हणणं सोपं. आमच्या बोर्डावर 'मोबाइल बंद ठेवा' आहे दहा वर्षं.

डेस्कटॉप_दादा
कोणी कोहा वापरत असेल तर (ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर, फुकट आहे, मूळ न्यूझीलंडचं) त्यात परत आलेल्या पुस्तकांचा इतिहास पुसायची सोय आहे आणि मुदत संपल्याच्या मेसेजमधून पुस्तकाचं नाव काढता येतं. एका घरात चार जणांना चार कार्डंही देता येतात, अनामत एकाच्या नावावर ठेवा. शनिवारी येऊन बसवून देतो, चहा पाजा.

खिडकीपलीकडची
सगळ्यांना धन्यवाद. वकीलताईंचं वाचून रात्री झोप नाही लागली, कारण अगदी तसंच आहे, काकांना मी दर वेळी नाव सांगत आलेय, "काका, तुमची रहस्यकथा आणि सूनबाईंची अमुक कादंबरी" असं चक्क गप्पा मारत.

सोमवारपासून मेसेजमधून नाव काढलंय, 'आपल्या खात्यावर 1 पुस्तक मुदतबाह्य आहे' एवढंच जातं. खिडकीवरही नाव सांगायचं नाही, ज्याने नेलं त्यालाच, असं मदतनीसाला सांगितलं. परिणाम असा की तीन दिवसांत अकरा फोन आले, कुठलं पुस्तक म्हणून, एक आजोबा तर घरातली सगळी पुस्तकं पिशवीत भरून घेऊन आले, यातलं तुमचं कुठलं ते काढून घ्या म्हणाले, त्यात दोन दुसऱ्याच वाचनालयाची निघाली. सेक्रेटरी वैतागलेत, पुढच्या सभेत विषय घेणार आहेत.

काका काल आले होते. रहस्यकथा बदलून नेली, दुसऱ्या पुस्तकाचं काही विचारलं नाही. दंड रोज दोन रुपयांनी चढतोय.