जखमी मेडिकने आधी स्वतःला पट्टा आवळला, हे शक्य आहे

अधिकाऱ्याने दिलेल्या मानवंदनेत असं आहे की जखमी मेडिकने (लढाईत जखमींवर उपचार करणाऱ्या सैनिकाने) स्वतःच्या मांडीला टूर्निकेट, म्हणजे रक्तस्राव थांबवायला हातापायावर आवळायचा पट्टा, बांधून मग दुसऱ्या दोघा जखमींचा रक्तस्राव थांबवला, आणि वरच्या एका प्रतिक्रियेत ते अतिशयोक्त ठरवलंय. मला ते अजिबात तसं वाटत नाही. टूर्निकेट एकट्याने लावता यावं अशीच त्याची रचना असते. गोळीबार चालू असताना कपड्यांवरूनच, मांडीच्या अगदी वर, पट्टा आधी हाताने ओढून घट्ट करायचा. खाली तीन बोटांची टोकंही शिरता कामा नयेत. मगच पट्ट्यावरची कांडी फिरवायची, रक्त थांबेपर्यंत. कांडीला तीनपेक्षा जास्त अर्धे फेरे द्यावे लागले तर पट्टा सैल राहिला असं समजावं. अर्धवट आवळणं तर फार घातक, कारण शिरा बंद होतात, धमनी चालू राहते आणि रक्तस्राव उलट वाढतो. शेवटी वेळ लिहायची.

इथे कोणी न बोललेला मुद्दा वेदनेचा. नीट आवळलेलं टूर्निकेट काही मिनिटांतच असह्य दुखू लागतं आणि ते सैल करायची इच्छा जखमेपेक्षाही जोरात होते. केटामीन किंवा फेंटानिलसारखं तीव्र वेदनाशामक घेतलं तर शुद्ध मंदावते, हत्यार काढून घ्यावं लागतं, दुसऱ्यावर उपचार करणं तर दूरच. म्हणजे हातात औषध असूनही त्याने ते घेतलं नसणार. मानवंदनेतलं 'शुद्धीवर राहून काम केलं' हे साधं वाक्य मला म्हणूनच सगळ्यात वजनदार वाटतं. शिवाय अशा वेळी प्रत्येक जखमीच्या स्वतःच्या किटमधलं सामान आधी वापरतात, मेडिकची पिशवी राखून ठेवतात. त्यामुळे तो पडला तरी इतरांचं टूर्निकेट त्यांच्या अंगावरच होतं.