मराठी कॉमिक घेऊन मुंबईच्या फेस्टला जातोय, किती प्रती छापू?

मिरजेचा_बोरू

नमस्कार मंडळी. मी चित्रं काढतो, वहिनी लिहिते. 2019 च्या महापुरात गच्चीवर चढवलेल्या एका म्हशीची गोष्ट आम्ही कॉमिकमध्ये केली आहे. ए-फाइव्ह आकार, काळी-पांढरी 26 पानं, वर रंगीत कव्हर. प्रकाशक आम्हीच. मुंबईत इंडी कॉमिक्स फेस्टला, म्हणजे स्वतःच कॉमिक छापणाऱ्यांच्या मेळ्याला, टेबल मिळालंय, तेही दुसऱ्या एका चित्रकाराबरोबर वाटून.

प्रेसवाले म्हणतात ऑफसेटला 500 काढा, 100 ला परवडत नाही. वहिनी 300 वर अडून बसली आहे. किंमत 120 ठेवावी म्हणतो. तिथे मराठी कोणी घेतं का? जीएसटीचं काही लागतं का? रात्रीच्या महालक्ष्मीने जाणार, त्यामुळे ओझ्याचाही विचार आहे.

पेठेतला_पेंगुळ

500 च काढा. कमी पडण्यापेक्षा उरलेल्या बऱ्या. शुभेच्छा!

शाईवाली_ठाणे

पेंगुळराव, उरलेल्या प्रती ठेवायला तुमच्या घरी जागा आहे का? कारण माझ्याकडे नाही. पहिल्या वर्षी मी याच हिशेबाने 500 काढल्या आणि दिवसभरात 41 विकल्या. बाकीच्यांतल्या बऱ्याचशा आजही दिवाणात आहेत. पाहुणे आले की गादीखाली टोचतात.

बोरू, ऑफसेटला खरा खर्च प्लेटचा आणि मशीन लावण्याचा. तो 100 प्रतींवर पडला काय आणि 500 वर पडला काय, तेवढाच. म्हणून 500 ला दर प्रत स्वस्त दिसते. पण न विकलेली प्रत स्वस्त कशी? डिजिटलला, म्हणजे प्लेटशिवाय थेट फाइलवरून छापलं तर, दर जास्त बसतो, मात्र 80 काढून पुन्हा 50 काढता येतात. पहिल्या फेस्टला 80 ते 100, त्याहून एक जास्त नको. 100 जीएसएमचा (एका चौरस मीटरला 100 ग्रॅम) कागद आणि 250 चं कव्हर धरलं तर 100 प्रतींचं वजन साडेपाच किलोच्या आसपास होतं. एका पिशवीत मावतं.

पण त्याआधी पानं मोजा. 26 पानं सेंटर पिनला, म्हणजे मधल्या घडीवर पिना मारायच्या बांधणीला, बसत नाहीत. एक कागद दुमडला की चार पानं होतात, म्हणजे एकूण आकडा चारच्या पटीत हवा. 24 करा नाहीतर 28. प्रेसवाल्याने हे सांगितलं नसेल तर त्याने फाइल अजून उघडलेलीच नाही.

आणि ब्लीड! म्हणजे कटिंगमध्ये जाण्यासाठी चारही बाजूंनी 3 मिमी चित्र जास्त ठेवा, अक्षरं मात्र कडेपासून चांगली आत घ्या. माझ्या एका पानावर संवादाचा फुगा अगदी वरच्या कडेला होता. कटिंगमध्ये नेमकी शिरोरेघेवरची पट्टी गेली. मात्रा गेली, अनुस्वार गेला, वेलांटीचा फाटा गेला. 'कोंबडी'चा 'काबडा' झाला. इंग्रजीवाल्यांना हे दुःख कळायचं नाही, त्यांच्या अक्षरांच्या डोक्यावर आपल्याएवढा संसार नसतो. प्रेसवाला म्हणाला, "मॅडम, अर्थ लागतोय की." तेव्हापासून एक डमी, म्हणजे नमुना प्रत, हातात घेऊन, शेवटपर्यंत वाचूनच मी छापायला हो म्हणते.

मराठी खपतं का? खरं सांगते. टेबलाशी थांबणारे बरेच जण आधी "इंग्लिशमध्ये आहे?" विचारतात. दुसरी जात "अरे वा, मराठीत कॉमिक!" म्हणून फोटो काढते आणि पुढे जाते. ही दुसरी जात जास्त जिव्हारी लागते. तिसऱ्या वर्षी मी एकही शब्द नसलेली आठ पानी पुस्तिका केली. एक ए-फोर कागद, तीन घड्या, एक काप. झेरॉक्सवर काढली, किंमत 20. दिवसभरात तीच सगळ्यात जास्त गेली, आणि ती चाळता चाळता लोक शेजारचं मराठी पुस्तक उचलायचे. तुमची म्हैस तर शब्दांशिवायही गच्चीवर चढू शकते.

120 नको, 100 ठेवा. एक नोट, विषय संपला. यूपीआयचा क्यूआर उभा करा, पण गर्दीत नेटवर्क बसतं आणि समोरचा माणूस फोन हवेत धरून उभा राहतो, म्हणून सुटे पैसे न्याच. टेबलावर पुस्तकं आडवी पसरू नका, दोन-तीन उभी करा. चालणाऱ्याला आडवं कव्हर दिसत नाही. गिऱ्हाईक चाळत असताना गोष्ट सांगत बसू नका. (वहिनींना न्या. चित्रकार स्वतः विकायला लागला की एकतर लाजतो नाहीतर भाषण देतो.)

छापील पुस्तकांवर जीएसटी नाही, आणि फक्त पुस्तकंच विकत असाल तर नोंदणीही लागत नाही. पोस्टर, स्टिकर, मग हे पुस्तक नव्हे. ते घेऊन बंगळुरूला, म्हणजे दुसऱ्या राज्यात गेलात, तर तात्पुरत्या विक्रेत्याच्या नोंदणीचा प्रश्न येतो. तेव्हा सीएला गाठा. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन एजन्सीकडून ऑनलाइन फुकट मिळतो. टेबलावर कोणी विचारत नाही, दुकानात ठेवायचं झालं तर विचारतात.

शेवटच्या तासासाठी दहा प्रती बाजूला ठेवा. तेव्हा टेबलवाले आपापसांत पुस्तकांची अदलाबदल करतात. माझ्या कपाटातली सगळ्यात चांगली कॉमिक्स तशीच आली आहेत.

मेरीलँडचा_मामा

शाईवालींना +१. आमच्याकडे अमेरिकेत, बेथेस्डाला 1994 पासून स्मॉल प्रेस एक्स्पो हा असाच कॉमिक्सचा मेळा भरतो. तिथे टेबलासाठी सोडत निघते, मला दोनदा नकार आला. तिथल्या इग्नाट्झ पुरस्काराची ट्रॉफी म्हणजे चक्क वीट. एका जुन्या स्ट्रिपमधला उंदीर मांजराला वीट मारायचा, त्याच्या नावाने. शेवटी माझी पुस्तिका मराठी मंडळाच्या दिवाळीत विकली, चकलीच्या स्टॉलशेजारी. प्रतींवर तेलाचे डाग पडले, पण संपल्या.

मिरजेचा_बोरू

ताई, 24 केली. तलाठ्याची दोन पानं गेली, वहिनी कालपासून बोलत नाहीये. 90 प्रती डिजिटलला सांगितल्या. आठ पानी म्हैसही काढतोय, पण काप कुठे द्यायचा ते कळेना. दोन कागद वाया गेले.

शाईवाली_ठाणे

कागद आडवा धरा. घड्या उलगडल्यावर वर चार, खाली चार अशी आठ घरं दिसतील. मधल्या आडव्या घडीवर, फक्त मधल्या दोन घरांपुरतं कापा. कडेची दोन्ही घरं जोडलेलीच राहू द्या. मग लांबीत दुमडून दोन्ही टोकं आत ढकला, अधिकचं चिन्ह उभं राहील, ते मिटवा. आणि वरच्या ओळीतली चित्रं उलटी काढायची हं, नाहीतर म्हैस डोक्यावर उभी राहील.