फ्रेंच ‘आशेतरे’: अक्षरं तीन की चार?

फ्रेंच शिकतेय. ‘विकत घेणे’चं संकेतार्थी, तृतीयपुरुषी अनेकवचनी रूप आहे ‘आशेतरे’ (achèteraient). रोमन लिपीत तब्बल 12 अक्षरं! पुस्तकात त्याच्या उच्चाराचे तुकडे चार पाडलेत, पण बाई तुकड्यागणिक टाळ्या वाजवून घेतात तेव्हा तीनच पडतात. खरं काय?

— दोन्ही खरं. चार कागदावरचे, तीन तोंडातले. मधला ‘त’ नंतरचा रोमन ई (e) बोलताना गळतो. शेवटचा ई-एन-टी तर सहसा उच्चारत नाहीत. गंमत म्हणजे देवनागरीत हे आपोआप जमतं. ‘आशेतरे’ लिहिताना आ-शे-त-रे, म्हणताना आशेत्‌रे. आपण ‘करतात’मध्ये चार लिहून कर्‌-तात्‌ असे दोनच म्हणतो ना, तसंच.

तेवढ्यावर सगळे ई गाळत सुटू नका मात्र! ‘आपण खाऊ’ म्हणजे ‘मांझरों’ (mangerons): बोलताना मांझ्‌-रों, दोन. संकेतार्थात ‘मांझर्यों’ झालं की तो ई परत येतो: मां-झ-र्यों, तीन. झ, र, य अशी तीन व्यंजनं एकावर एक आदळू नयेत म्हणून. ‘वुद्रियों’मध्ये (आम्हाला आवडेल) ई नाहीच, तिथे ‘द्र’च्या ओझ्याने शेपटाचे दोन तुकडे होतात: वु-द्रि-यों. माझ्या मते क्रियापदांचे तुकडे पाडताना खरी मेख इथे आहे, पुस्तकं मात्र नुसते लांबलचक शब्द तोडायला देतात.

— आमच्या दक्षिण फ्रान्समधल्या तुलूझकडे तो ई बऱ्याच जणांच्या तोंडी अजून ऐकू येतो. इथे टाळ्या चार पडतील, बाईंना सांगा.

— कवितेतही! 12 अक्षरांच्या पारंपरिक ओळीत व्यंजनापूर्वीचा ई मोजतात, म्हणून ‘आशेतरे’ तिथे चारचं. आपल्या अभंगात 6-6-6-4 मोजताना न उच्चारलेला अ धरतात, तोच न्याय.

— पण ‘12 अक्षरांचा शब्द’ आणि ‘12 अक्षरांची ओळ’, दोन्हीकडे ‘अक्षर’? घोळ तिथेच आहे. संस्कृतात अक्षर म्हणजे उच्चाराचा घटक, सुटा ध्वनी तो वर्ण. रोमन चिन्हांना वर्ण म्हणा की.

— उच्चाराच्या तुकड्याला काही जण ‘शब्दावयव’ म्हणतात.

— म्हणोत. ‘या क्रियापदाला अवयव किती?’ असं विचारलं तर मी हातपाय मोजायला लागेन.